सेलूच्या शेतातली जीवनौका

होडी बघायला वर्ध्याला निघालोय असं सांगितल्यावर आमच्या आळीत हसायचं कोणी बाकी राहिलं नाही. आमचं गाव अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडावर. ओट्यावर बसलं की दहा-बारा होड्या सहज दिसतात. शेजारचे नाखवा जाळं विणता विणता म्हणाले, "मास्तर, तिकडे बोट ठेवायला पाणी तरी आहे का?" मी म्हणालो, "पाणी नाही, हरभरा आहे." त्यांना ती थट्टा वाटली, पण मी अगदी खरं बोलत होतो.

जहाजावर नोकरीला जाणाऱ्या मुलामुलींना मी जीवनौका शिकवतो. जहाज बुडायला लागलं किंवा पेटलं, तर ज्या नारिंगी, बंदिस्त होडीत बसून निसटायचं, ती जीवनौका. ती खाली कशी सोडायची, आत काय काय असतं, कोणी कुठे बसायचं, हे मी अठरा वर्षं पोरांकडून घोकून घेतो आहे. यंदाच्या तुकडीत वर्ध्याजवळच्या सेलूची प्रज्ञा होती. पोहायला शिकली ती आमच्याकडे येऊन, आणि परीक्षेत पहिली आली. तिला एका मालवाहू जहाजावरून बोलावणं आलं. सोमवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं. गुरुवारी तिचा फोन आला.

"सर, आई नाई म्हणते. बोटीवर तिचा भरोसाच नाई. आणि तिनं हाव म्हटल्याशिवाय मी जाणार नाई. तुम्ही येऊन दाखवा तिले."

"बोट काय खिशात घालून आणू?"

"बोट आहे इथं. गुलाबकाकाच्या वावरात (शेतात)."

रविवारी सकाळी वर्ध्याला उतरलो. फेब्रुवारी सरत आला होता, हवेत अजून थोडा गारवा होता. प्रज्ञा फलाटावरच उभी होती. तिने मला आधी पोह्यांच्या गाडीवर नेलं. इथे पोह्यांवर तर्री (लालभडक तिखट रस्सा) ओततात. मी कोकणातला माणूस, आमटी समजून दोन पळ्या जास्तीच्या मागून घेतल्या. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून धारा लागल्या आणि कानांतून वाफ निघाली. गाडीवाला आनंदाने बघत होता. "साहेब, पयल्यांदाच आले काय? हळू घ्या, तर्री पळून नाई जात." प्रज्ञाने गुपचूप माझ्यापुढे ताकाचा ग्लास ठेवला.

सेलूची एसटी पकडली. मला खिडकी मिळाली आणि मी नुसता बघत राहिलो. आमच्याकडे जिकडे बघावं तिकडे काहीतरी आडवं येतं, डोंगर नाहीतर माड नाहीतर कोणाचं तरी कुंपण. इथे जमीन सुटली की सुटलीच. वेचून उरलेला कापूस काड्यांवर लोंबत होता, तुरी वाळल्या होत्या आणि हरभरा सोंगायला आला होता. एवढी मोकळी नजर मला फक्त समुद्रावर मिळते. वाहकाने प्रज्ञाला बघून विचारलं, "मायाताईकडचे पाहुणे काय?" आणि माझ्या पिशव्या उचलून स्वतःच्या सीटखाली सरकवल्या.

मायाताई म्हणजे प्रज्ञाची आई. त्याही वाहक. पंचेचाळिशीच्या, काटक, आणि आवाज असा की शेवटच्या सीटवर पेंगणाराही तिकीट काढेल. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलीला वाढवलेलं. उंबरठ्यावर पाय ठेवताच त्यांनी पाण्याचा तांब्या हातात दिला, मग म्हणाल्या, "या सर, बसा." जेवायला पाटोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा, ज्वारीची भाकरी आणि सांबारवडी. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मला वडी खाल्ल्यावर कळलं. मी तीन खाल्ल्या आणि चौथीकडे बघत होतो, तेवढ्यात उलटतपासणी सुरू झाली.

"बोटीत खायले काय देते?"

मी तयारीने आलो होतो. जीवनौकेतल्या शिध्याचं एक पाकीट पिशवीतून काढून समोर ठेवलं. मायाताईंनी त्यातल्या बिस्किटाचा तुकडा मोडला, चघळला, आणि डब्यातला गोरसपाक (वर्ध्याचं तुपातलं बिस्कीट) माझ्या हातावर ठेवला. "हे पहा, बिस्कीट याले म्हणते. थे तर खडू आहे."

"ताई, चवीला चांगलं असतं तर पोरांनी पहिल्याच दिवशी फस्त केलं असतं."

त्या हसल्या नाहीत. "आणि पाणी?"

"माणशी तीन लिटर. पण पहिले चोवीस तास कोणालाही द्यायचं नाही. फक्त जखमी आणि आजाऱ्याला."

"काऊन?"

"शरीरात पहिल्या दिवसापुरतं पाणी असतं. लगेच प्यायलं तर ते नुसतं बाहेर जातं. ते पुढच्या दिवसांसाठी राखायचं."

"व माय!" मायाताईंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "आमच्याइकडे पाहुण्याले आधी पाणी देते, मंग नाव इचारते. आणि तुम्ही बुडालेल्या माणसाले उपाशी-तान्हं ठेवता?" मी प्रज्ञाकडे मदतीसाठी पाहिलं. ती खाली मान घालून रस्सा ओरपत होती.

मग मी उलटीवरच्या गोळ्या सांगितल्या, आकाशात सोडायचे लाल बाण सांगितले, उन्हाचा कवडसा दूरच्या जहाजावर पाडायचा आरसा सांगितला. मासे पकडायचा गळसुद्धा असतो म्हटलं. सगळे पट्टे लावून बसले असतील तर होडी उलटी होऊनही आपोआप सुलटी होते, हे मी हातातली वाटी फिरवून दाखवलं आणि रस्सा सांडला. मायाताईंनी शांतपणे फडकं आणलं.

"सर, तुमचं सामान चांगलं आहे," त्या पुसता पुसता म्हणाल्या. "मले सामानाचं भ्या नाई. बारा वर्षं झाले, एका लग्नाच्या खासगी बसनं गेलतो आम्ही. ही पोट्टी मांडीवर होती, सहा-सात वर्षांची. नाल्याच्या पुलावर बस बंद पडली आणि पाणी चढाले लागलं. मागं मोठ्या अक्षरात लिहेल होतं, संकटकालीन दार. चार माणसं लागले त्याले, पण उघडलं नाई. शेवटी काचा फोडून निघालो. समदे वाचले. पण तवापासून मी ड्युटीवर चढायच्या आधी मागचं दार सोताच्या हातानं उघडून पाहतो. समुद्रात कोण पाहीन?"

मी नुसतं म्हणालो, "चला, बोटीवर जाऊ. दार तुम्हीच उघडून बघा."

गुलाबरावांचं शेत बोर धरणाच्या बाजूला आहे. रस्त्याला लागूनच असल्यामुळे तिथल्या थांब्याला लोक सरळ 'जहाज' म्हणतात. 'जहाजापाशी उतरून देजो' असं एक म्हातारी आमच्यासमोर चालकाला सांगत होती, आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हरभऱ्याच्या मधोमध, विटांच्या चौथऱ्यावर ती बसली होती. उन्हाने विटलेला नारिंगी रंग, कपाळावर पंचवीस माणसांचा आकडा. मला भर शेतात बालमित्र भेटल्यासारखं झालं. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि हात भाजून घेतला.

गुलाबराव साठीचे, प्रज्ञाच्या वडिलांचे चुलतभाऊ. त्यांच्या मेव्हण्याने ती गुजरातच्या किनाऱ्यावरच्या भंगारातून ट्रकवर घालून आणली. "इकडे रानडुकरं लई," ते सांगू लागले. "आणि जंगल जवळ, वाघ बी येऊन जाते. मचाणावर झोप नाई लागत. याच्यात कसं, दार लावलं का राजा!" इंजिन कधीच विकलं गेलं होतं. आत बाकड्यांवर आसनांचे आकडे आणि पट्टे मात्र शाबूत होते. सात नंबरवर त्यांची वाकळ होती, बारावर कंदील.

मी, मायाताई आणि प्रज्ञा आत गेलो. मी गुलाबरावांना म्हणालो, "दार लावून घ्या, म्हणजे ताईंना खरी कल्पना येईल." दार लागलं, अंधारलं. मी वर्गातला आवाज काढला. "हे दार आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून, एका माणसाला उघडता येतं. तसा नियमच आहे. बघा."

मी मूठ फिरवली. दार हललं नाही. पुन्हा फिरवली, खांदा लावला, लाथ घातली.

झालं होतं असं, की गुलाबरावांनी या दाराला बाहेरून स्वतःची कडी बसवली होती. वानरं आत शिरून भाकरी नेतात म्हणून. दार लावलं की कडी सरकवायची, हे त्यांच्या हाताला इतकं सवयीचं, की आम्ही आत असतानाही त्यांनी ती सरकवली. आणि नेमकी त्याच वेळी वानरांची टोळी हरभऱ्यात उतरली, तसे ते "हाड हाड" करत बांधाच्या पलीकडे पळाले. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा फक्त दूर जाणारा त्यांचा आवाज ऐकू येत होता.

आतली हवा तापत चालली. मी हाका मारल्या, दारावर बुक्क्या मारल्या. माझा शर्ट अंगाला चिकटला आणि खरं सांगतो, मला भीती वाटली. मायाताई बाकड्याची कड घट्ट धरून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, हेच होते."

"आई, मागं टेकून बस. पट्टा लाव." प्रज्ञाचा आवाज मोठा नव्हता, पण त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. मायाताईंनी मुकाट्याने पट्टा लावला. "सर, बुक्क्या बंद करा, हवा जाते. मागं झाकण आहे. त्याच्यापुढची तुरीची पोती उचला."

मी पोती उचलली. मागच्या झाकणाचं रबर उन्हाने चिकटून बसलं होतं. तिने मूठ फिरवून धरली आणि टाचेने कडेकडेने ठोके मारत गेली, एका कोपऱ्यातून दुसऱ्यात, घाई न करता. चौथ्या कोपऱ्याला सुस्कारा सोडल्यासारखा आवाज आला आणि उजेड आत आला. बाकीच्यांना हात द्यायला मी चटकन बाहेर पडलो. मग मायाताई आल्या. प्रज्ञा मात्र येईना. वाकून बघतो तर ती बाकड्यांखाली नजर टाकत होती आणि रिकाम्या होडीत मोठ्याने विचारत होती, "कोणी राह्यलं काय?" मग ती बाहेर आली.

तेवढ्यात गुलाबराव धापा टाकत आले. त्यांना काय झालं ते समजेना. "तुम्ही मागून काऊन निघाले?" मायाताईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तिथल्या तिथे कडीचे स्क्रू काढायला घेतले. आम्ही बांधावर बसून हरभऱ्याचे ओले घाटे सोलून खाल्ले. मायाताई पुन्हा पुन्हा त्या दाराकडे बघत होत्या. मला वाटलं, गेली नोकरी. पोरीचं नशीब मी माझ्याच हाताने बंद केलं.

संध्याकाळी मायाताई मला वर्ध्याच्या बसवर सोडायला आल्या. वाहकाला दटावून जागा करून घेतली आणि गोरसपाकचा पुडा खिडकीतून दिला. चालकाने बस सुरू केली तेव्हा त्या बोलल्या.

"उद्या फोन करेल ती. जाऊ द्या तिले. आम्ही बी डेपोत गाडी लावली का शेवटच्या सीटपर्यंत पाहूनच उतरतो. मले वाटलं हे तिले कोणी शिकवलं नसन. तुम्ही शिकवलं, चांगलं केलं."

मी पुडा मांडीवर ठेवून हात जोडले. त्या खिडकीच्या आणखी जवळ आल्या.

"पण सर, एक सांगू? राग मानू नका. सगळ्यात पयले तुम्ही निघाले."

वाहकाने दोनदा घंटी मारली आणि बस निघाली.

परतीच्या गाडीत मी सबबी जुळवत होतो. हात द्यायलाच निघालो होतो. पाय आपोआप उचलला. उकाडाच तसा होता. भुसावळपर्यंत एकही टिकली नाही. शरम वाटत होती, आणि तरी मधूनच हसू फुटत होतं. ज्या पोरीला मी शिकवलं, ती मला मागे टाकून गेली होती, आणि असा आनंद शिक्षकाला क्वचितच मिळतो.

सोमवारी थेट वर्गावर गेलो. नवी तुकडी होती. नेहमीचा प्रश्न विचारला, होडीतून प्रमुखाने कधी बाहेर पडायचं? "सगळ्यांत शेवटी!" पोरं एका सुरात ओरडली. मी म्हणालो, अगदी बरोबर. मग खुर्ची ओढून बसलो आणि सेलूच्या शेतात मी कितवा बाहेर पडलो, ते त्यांना सांगितलं.