नावाड्याचं तोंड

क्लॅरी ट्रेगेन्झा गेला तेव्हा होडी नदीच्या मधोमध होती आणि तिच्यात सात माणसं बसलेली होती.

ही नदी आमच्या दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूच्या नकाशात शोधू नका, सापडायची नाही. आमच्याकडे समुद्र आहे, लांबलचक धक्का आहे, धान्याची पांढरी कोठारं आहेत आणि त्यांच्या मागं नजर जाईल तिथवर कापून मोकळी झालेली जवाची रानं. नदी म्हणून नाही. नदी होती ती क्लॅरीच्या पोराच्या, मर्व्हच्या खेळात.

पोर म्हणायचं एवढंच. मर्व्ह पन्नाशी ओलांडलेला गडी. बायको केली नाही, गाव सोडलं नाही. दिवसभर कोठारापाशी वजनकाट्यावर बसायचा. भरला ट्रक आला की त्याचं वजन, रिकामा होऊन परतला की त्याचं वजन, मधला फरक म्हणजे धान्य. संध्याकाळी घरी येऊन बापाला भरवायचं, अंग पुसायचं, कुशीवर वळवायचं. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर उघडून डाव चालवायचा.

डाव असा की ठिकठिकाणची माणसं, कुणी न्यूझीलंडातलं, कुणी फिजीतलं, कुणी टास्मानियातलं, एकेक सोंग घेणार. कुणी चोरटी, कुणी वैदू, कुणी फौजेतून पळालेला शिपाई. आपलं सोंग काय करतं, काय बोलतं ते ज्याचं त्यानं लिहायचं. उरलेलं सगळं जग, म्हणजे वारा, पाऊस, भुंकणारी कुत्री, खानावळवाली, जकातवाला, नावाडी, हे एकट्या मर्व्हनं लिहायचं. त्याला ते गेम मास्टर म्हणत. पगार नाही, मानधन नाही. खेळ चालवणाऱ्या त्या मंडळात असे दहाबारा गेम मास्टर होते आणि सगळेच घरचं खाऊन राबत.

नियम मोजके, पण कडक. खेळगड्यानं गेम मास्टरच्या माणसाच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही, की त्याला बोटभर हलवायचं नाही. आणि गेम मास्टर एकदा लिहून गेला की ते त्या जगात कायमचं. त्याच्या जागी उद्या दुसरा आला तरी त्यालासुद्धा ते बदलता येत नाही.

या सगळ्या जगात लाडका कोण, तर नावाडी. तोंडाचा फाटका. होडीत पाय ठेवणाऱ्याची सात पिढ्यांची वरात काढायचा. गडी कामाशिवायही नदी ओलांडायचे, केवळ त्याच्या शिव्या खायला. न्यूझीलंडात गोअरच्या बाजूला मेंढ्या राखणारी नायरी नावाची एक विधवा बाई चोरटीचं सोंग घ्यायची. ती तर भाड्याचं एक नाणं देऊन वर दुसरं द्यायची. दुसरं कशाबद्दल? जादा शिवीबद्दल.

कुणालाच ठाऊक नव्हतं की ते तोंड क्लॅरीचं आहे.

क्लॅरीचा पलंग पुढल्या खोलीत, दार सताड उघडं. मर्व्हला पडद्यावरचं पुटपुटत वाचायची खोड. एकदा म्हातारा आतून गरजला, "कोन हाय रं? काय म्हनतुय?"

मर्व्ह म्हणाला, "एक बाई हाय. नावाड्याला इचारतीया, बकरीचं भाडं किती."

"तिला म्हनावं, बकरीला फुकट न्हेतो, तू खाली उतर. बकरी निदान गप तरी बसती."

मर्व्हनं ते तसंच्या तसं लिहिलं. पलीकडं सातही जण हसून मेले. तेव्हापासून तसाच प्रघात पडला. मर्व्हनं वाचायचं, म्हाताऱ्यानं आतून खेकसायचं, मर्व्हनं टिपायचं. जन्मभर धक्क्यावर पोती वाहिलेला आणि खेकड्यांच्या जाळ्या ओढलेला माणूस तो, शिव्यांना काय तोटा? हा खेळ आहे हे त्याला कळत होतं की नाही, देव जाणे. सकाळी डोळा उघडला की पहिला सवाल, "उतरली का ती बेनी पल्याड?" नसली उतरली की खूष. दिवसभराची सोय झाली.

शेवटच्या रात्रीही त्यानं विचारलं. आवाज खोल गेला होता. "पोचली का रं?"

"न्हाई आजून. मधीच हाईत."

"बसूं दे मग," म्हणाला. पाणी मागितलं, प्याला नाही. उजाडताना गेला.

माती उरकल्यावर चर्चमागच्या हॉलमध्ये माणसं जमली. सँडविचं झाली, मटणाच्या पास्ट्या, म्हणजे भल्यामोठ्या भाजक्या करंज्या, झाल्या. मर्व्ह किटली घेऊन सगळ्यांना चहा ओतत फिरला. कुणी म्हणालं, खंबीर आहे गडी. कुणी म्हणालं, कोरडा आहे, बापासाठी डोळ्याला पाणी नाही. दोन्ही त्याच्या कानावर आलं आणि दोन्ही खरंच वाटलं. दात उपटल्यावर इंजेक्शनचा अंमल असेतोवर जीभ त्या खड्ड्यात कितीही फिरवा, काही लागत नाही. तसा तो आत चाचपून बघायचा. काही लागत नव्हतं.

नगरपालिकेची दोघं येऊन आजारपणापुरता दिलेला उसना पलंग घेऊन गेली. फरशीवरच्या रबरी चटईत चार पायांचे चार खळगे राहिले. ॲडलेडहून आलेली बहीण नोलीन घर आवरायला थांबली. तिनं म्हाताऱ्याचे कपडे धर्मादाय दुकानात देऊन टाकले. पुढं चार दिवसांनी बेकरीच्या रांगेत म्हाताऱ्याचा चौकड्याचा कोट घातलेला एक माणूस मर्व्हच्या पुढं उभा होता. मर्व्हनं कोट ओळखला, कोपरावरचं ठिगळही ओळखलं. मग त्याचा नंबर आला. त्यानं पाव घेतला आणि घरी आला.

कॉम्प्युटर त्यानं उघडला नाही. काट्यावर जायचा, वजनं बिनचूक घ्यायचा. घरी येऊन क्रिकेट लावायचा, आवाज बंद ठेवून. कोण जिंकलं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

एक दिवस नोलीनच म्हणाली, "अरे, ती लोसाना कोण? तुझ्या फोनवर सारखी वाजतेय. या वयात बाई ठेवलीस की काय?"

"मंडळाची मुख्य आहे. खेळाच्या."

"काय देतात तुला त्या खेळाचं?"

"काही नाही."

"मग बरोबर आहे. फुकटच्या औताला तुझ्यासारखा बैल गावात दुसरा नाही."

मर्व्हनं फोन उचलला. लोसाना फिजीतल्या सुव्याहून बोलत होती. शाळेत कारकुनी करणारी, मऊ बोलणारी बाई. आधी तिनं म्हाताऱ्याची विचारपूस केली, दुखवट्याचं बोलून झालं. मग चाचरत मुद्द्यावर आली. होडी पाण्यात अडकून पाच आठवडे होत आले. डाव इतके दिवस मुका राहिला की तो दुसऱ्याकडं सोपवायचा, असा नियमच आहे. येत्या रविवारपर्यंत होडी काठाला लागली तर ठीक, नाहीतर नायरी चालवायला तयार आहे. ती आपणहून पुढं आली. मर्व्हभाऊंचं ओझं हलकं व्हावं, एवढाच तिचा हेतू.

मर्व्ह म्हणाला, "देऊन टाका."

फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आता काहीतरी वाटेल. इतक्या वर्षांचा डाव होता. काही वाटलं नाही. त्यानं बटाटे सोलले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, काट्याच्या केबिनीत पास्टी खाताना, नायरीचा निरोप आला. बाई मनानं चांगली. तिनं लिहिलं होतं, तू काळजी करू नकोस, नावाड्याचं बोलणं मी रोज बसून घटवतेय, तुझी सर यायची नाही, पण कान धरून शिकव. खाली नमुने दिले होते.

'बसा, बसा. तुमच्यापेक्षा जड मेंढ्या नेल्यात मी पल्याड. आणि हुशारसुद्धा.'

'होडी बुडाली तर भिऊ नका. मला पोहता येतं.'

'तुझ्या तोंडाकडं बघून तर नदीनं वळण घेतलंय.'

मर्व्हनं वाचलं. बरं जमलं होतं. बरंच जमलं होतं. शेवटचं वाक्य तर म्हातारा बोलून गेला असता अशातलं होतं, पण तो कधी बोललेला नव्हता. मर्व्हनं पास्टी खाली ठेवली. बाहेर ट्रक काट्यावर येऊन उभा राहिला, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, खाली उतरून काचेवर टकटक केली आणि म्हणाला, "काय रे मर्व्ह, झोपलास की मेलास?" तेव्हा कुठं त्यानं वजन घेतलं.

कोटाचं त्याला काही वाटलं नव्हतं. याचं वाटलं. काय वाटलं त्याला नाव देता आलं नसतं, पण इंजेक्शनचा अंमल उतरताना हिरडीत पहिली टोच येते तशी टोच होती.

त्या संध्याकाळी त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि मागं राहिलेलं सगळं वाचून काढलं. पाच आठवडे ती सात माणसं होडीत बसून होती. शिपायानं बूट शिवले, ते झाल्यावर वैदूचे शिवले. वैदूनं शिपायाचं गळू कापलं. एका पांघरुणावरून दोघींचं भांडण झालं, मिटलं, पुन्हा झालं. चोरटी सलगम सोलत होती आणि साली पाण्यात टाकत होती. साल वाहून जात होती, होडी जागची हलत नव्हती. सात जणांपैकी एकानंही होडी वीतभर पुढं ढकलली नव्हती. नावाड्याच्या तोंडी कुणी हूं की चूं घातलं नव्हतं. कुणीतरी मध्येच एवढंच लिहिलं होतं, 'मी नावाड्याकडं बघतो. तो उभा आहे.' पुढं चार दिवसांनी दुसऱ्यानं, 'अजून उभा आहे.'

मर्व्हनं लोसानाला विचारलं, रविवारपर्यंत डाव माझाच ना? ती म्हणाली, तुमचाच.

रविवारी दुपारी उत्तरेचा तापलेला वारा सुटला होता. नोलीननं चादरी धुऊन परसात वाळत घातल्या आणि सावलीला पंख्याखाली जाऊन पडली. मर्व्ह टेबलाशी बसला. येतोय म्हणून त्यानं आदल्या दिवशीच सगळ्यांना कळवलं होतं. सातही जण हजर होते. लोसानाही बघायला आली होती.

पहिलं वाक्य लिहायला त्याला फार वेळ लागला. सवयीनं तो वाचून पुटपुटला आणि आतून आवाज येईल म्हणून थांबला. खोली गप्प होती. मग त्यानं लिहिलं, 'नावाडी वल्हं पाण्यात घालतो. होडी चालू लागते.'

पलीकडून कुणी घाईनं काही लिहिलं नाही. सगळे नावाडी बोलायची वाट बघत होते.

'काठ दिसतो. लव्हाळं दिसतं. होडी चिखलात रुतते.'

शिपाई उतरला. वैदू उतरला. त्यांच्यामागून आणखी दोघं उतरले. पांघरुणावरून भांडणाऱ्या दोघी पांघरूण दोन्हीकडून धरून उतरल्या. प्रत्येकानं नाणं दिलं आणि प्रत्येक जण क्षणभर घुटमळला. नावाडी बोलला नाही. शेवटी चोरटी राहिली. नायरीनं लिहिलं, 'चोरटी दोन नाणी त्याच्या हातावर ठेवते आणि उभी राहते.'

मर्व्हनं लिहिलं, 'नावाडी एक नाणं ठेवून घेतो. दुसरं परत देतो. तो आता बोलत नाही. इथून पुढं तो कधीच बोलत नाही.'

लोसानाचा निरोप बाजूला, फक्त त्याच्यापुरता आला. "मर्व्हभाऊ, हे पुन्हा पुसता यायचं नाही. मी आता नियमात चढवलं की नावाडी कायमचा मुका. लोकांचा जीव आहे त्याच्या बोलण्यावर. विचार केलाय ना?"

"केलाय."

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

मर्व्हनं दोन वेळा लिहून खोडलं. मग लिहिलं, "ते तोंड उसनं होतं. धनी गेला."

तिकडून आलं, "चढवते."

नायरीनं चोरटीला तिथं थोडं उभं केलं. मग लिहिलं, 'चोरटी परत आलेलं नाणं मुठीत धरते. चिखलातून चढ चढून वर जाते.' खेळाबाहेर तिनं मर्व्हला एकच ओळ पाठवली, माझे ते नमुने मी पुसून टाकलेत. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाईनं नवरा पुरला होता, तिला किती सांगायला लागणार?

मर्व्हनं कॉम्प्युटर मिटला आणि उठून पुढल्या खोलीच्या दारात गेला. खोलीत काहीच नव्हतं. चटईतले चार खळगे तेवढे होते, त्यात धूळ साठायला लागली होती.

"पोचली," तो म्हणाला.

म्हणून झाल्यावर त्याला ओशाळल्यासारखं झालं. तरी तो तिथं उभा राहिला, म्हातारा काय म्हणतो ते ऐकायला उभा राहायचा तसा.

पंख्याखालून नोलीननं विचारलं, "कुणाशी बोलतोयस?"

"कुणाशी नाही."

"मग चादरी काढ. नाहीतर वाऱ्यानं जातील शेजाऱ्याकडं."

तो परसात गेला. चादरी उन्हानं पापडासारख्या कडक झाल्या होत्या. एकेक काढून त्यानं खांद्यावर टाकली. म्हाताऱ्याच्या पलंगावरची निळी मधेच आली, तीही काढली आणि बाकीच्यांवर टाकली.