धवलारणीची बिनशब्दांची चाल

कशेळ्याच्या आसपास अंबाबाईचं घर कुणाला विचारावं लागत नाही. ती धवलारीण, म्हणजे लग्नात धवळे गाणारी बाई. हळद लावायची असो की नवरीला पाटावरून उठवायचं असो, अंबाबाई शेजारी मांडी घालून बसते, मुठीत तांदूळ घेते आणि तिने सूर लावल्याशिवाय मांडवात पान हलत नाही. भटजी उशिरा आला तर लोक चहा पीत बसतात. धवलारीण उशिरा आली तर नवरीची आई रडकुंडीला येते. पस्तीस वर्षं तिने अशी मानात काढली, आणि त्या मानाची तिला चांगलीच सवय झाली होती.

धवळे तिला सासूने शिकवले. चिंधीबाई नावाची ही सासू बोलायला तिखट आणि शिकवायला त्याहून तिखट. तिने सुनेला दोन गोष्टी बजावल्या होत्या. धवलारणीने सुतकाच्या घरी पाऊल टाकायचं नाही, आणि धवळ्याचे शब्द मांडवाबाहेर काढायचे नाहीत. शब्दांत देवांची नावं असतात, नवरानवरीची असतात. ती कुठेही सांडली तर ज्यांना हळद लागली त्यांनाच बाधतात. चालीबद्दल मात्र सासू काही बोलली नव्हती. चाल काय, म्हशीला पाणी दाखवतानाही अंबाबाईच्या तोंडात घोळत असायची. तिचा नवरा लडकू एका कानाने बहिरा. तो म्हणायचा, मला कुणाच्या लग्नाचं आमंत्रण नको, माझ्या घरात रोज हळद आहे.

अक्षदा ही अंबाबाईच्या धाकट्या भावाची मुलगी. कर्जतला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करायची आणि उरलेला सगळा जीव पॉडकास्टमध्ये ओतायची. ‘परसदार’ हे त्याचं नाव. बायका भांडी घासताना, शेण थापताना जे बोलतात ते ती मोबाइलवर टिपून घ्यायची. मग खोलीच्या भिंतींना गोधड्या लटकवायची, म्हणजे आवाज घुमत नाही, आणि मधलं निवेदन स्वतः बोलून भाग इंटरनेटवर सोडायची. ऐकणारे सारे मिळून दोनतीनशे. त्यातले निम्मे नातेवाईक.

अडचण असायची मागच्या संगीताची. सिनेमातलं गाणं लावावं तर कंपनीवाले दुसऱ्या दिवशी भाग बंद पाडतात. पण जगात अशीही माणसं आहेत की जी आपलं वाजवलेलं सगळ्यांसाठी मोकळं सोडतात: कुणीही घ्या, कुठेही लावा, फक्त आमचं नाव सांगा. दोन वर्षं अक्षदाने त्यांचाच पियानो आणि त्यांचीच गिटार वापरली. तरी तिला ते पचत नव्हतं. कोंडाणे गावची म्हातारी भाताच्या लावणीबद्दल बोलते आहे आणि मागे पियानो, म्हणजे वरणभातावर सॉस ओतल्यासारखं लागायचं. शेवटी ती आत्याकडे आली आणि धवळे मागितले.

अंबाबाईने साफ नाही म्हटलं. पोरगी हिरमुसून चहाचा कप नुसता फिरवत बसली, तेव्हा आत्यालाच राहवलं नाही आणि तिनेच तोड काढली. “शब्द नाय देनार. नुसती चाल घे. चालीला काय बंधन नाय.”

त्या दुपारी ओटीवर बसून, ओठ मिटून, तिने हळदीची चाल सहासात मिनिटं गुणगुणली. अक्षदाने ती ‘परसदार’ला लावली आणि लोकांना फार आवडली. मग तिच्या मनाने घेतलं की दोन वर्षं आपण दुसऱ्यांच्या ताटातलं खाल्लं, आता आपणही चार घास वाढावेत. ही चाल तशीच मोकळी सोडावी. आत्याला तिने काही लपवलं नाही. एकदा सोडली की परत घेता येणार नाही, हे दोनदा सांगितलं. अंबाबाईला त्याचं हसू आलं. दिलेलं परत मागायला ती काय लहान पोर होती? शिवाय वापरणाऱ्याला नाव घ्यावंच लागणार होतं: धवलारीण अंबाबाई, कशेळे. खोटं कशाला बोला, तिला हे सगळ्यात जास्त आवडलं.

पहिले काही महिने नुसतं कौतुक. नाशिकची एक बाई लहान मुलांना गोष्टी सांगायची, तिने ती चाल घेतली. गोव्याच्या कुणी मासळीच्या रश्शामागे लावली. परदेशातला एक जण मधमाश्यांवर बोलत होता, त्याच्याही मागे अंबाबाईच. अक्षदा आली की प्रत्येक भाग ऐकवायची आणि अंबाबाई शेवटच्या नावापर्यंत थांबायची. मग दुसऱ्या दिवशी नळावर त्याची बातमी व्हायची. शब्द नव्हते, म्हणूनच ती चाल रश्शामागेही बसत होती आणि मधमाश्यांमागेही. हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

माघात एक दिवस चौक गावची छाया अंगणात येऊन उभी राहिली. तीन वर्षांपूर्वी तिच्या लेकीच्या, हर्षलाच्या, हळदीला अंबाबाईच गायली होती. पोरगी हसरी. हळद कानात गेली म्हणून पाटावर बसल्या बसल्या खिदळत होती, आणि अंबाबाईने गाता गाता तिला डोळ्यांनी दटावलं होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी हर्षला सासरच्या विहिरीत सापडली. नवरा आणि सासू जामिनावर बाहेर होते, खटला अलिबागला चालू होता. अंबाबाईला तेव्हाच कळलं होतं, पण सासूने घालून दिलेला नियम. ती भेटायला गेली नव्हती. आता छाया दारात होती. ती बसली नाही आणि पाण्याला शिवली नाही.

जुन्या हायवेवरच्या एका ढाब्यावर छाया भाकऱ्या थापायची. आदल्या दिवशी एक टेंपोवाला जेवता जेवता मोबाइलवर काहीतरी ऐकत होता. आधी चाल ऐकू आली. छायाचा हात परातीतच थांबला. तिला वाटलं, कुणाची तरी हळद आहे.

“मी हासले, मावशी,” ती म्हणाली. “बरं वाटलं म्हनून हासले.”

मग एका पुरुषाच्या आवाजात हर्षलाचं नाव आलं. खुनांच्या आणि घातपातांच्या गोष्टी सांगणारा कुठला तरी कार्यक्रम होता, लाखो लोक ऐकतात असा. ती किती तास पाण्यात होती, वर काढली तेव्हा कशी दिसत होती, हातातला चुडा कुठे अडकला होता, सगळं त्याने सावकाश, चवीने सांगितलं. आणि मागे सगळा वेळ हळद चालू. शेवटी नाव: धवलारीण अंबाबाई, कशेळे.

“त्यांना काय बोलायचं ते बोलू द्या,” छाया म्हणाली. “पेपरात आलेलंच बोलतात. पन ती चाल तिची हाय. तिच्या अंगाला हळद लागली तवाची. तेवढी त्यातनं काढा.”

आपण ती त्यांना दिली नव्हती, असं अंबाबाईला म्हणता येईना. त्यांना दिली नव्हती, सगळ्यांनाच दिली होती. “काढते,” एवढंच ती म्हणाली, आणि छाया तेवढ्या शब्दावर परत गेली.

अक्षदाला फोन गेला. तिने तो भाग ऐकला आणि संध्याकाळी धावत कशेळ्याला आली. मी तुला सांगितलं होतं, असं ती म्हणाली नाही. तिनेच तर ही चाल बाहेर नेली होती. तिने इंटरनेटवरच्या आपल्या पानावरून ती काढून टाकली, पण ज्यांनी आधी घेतली त्यांची ती झालीच होती. उरलं ते हात जोडणं. कार्यक्रमवाल्यांना तिने लांबलचक पत्र लिहिलं. मुलीची आई, हळद, धवलारीण, सगळं उकलून लिहिलं, आणि फक्त ती चाल बदला अशी विनवणी केली.

उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत गावाने तो भाग ऐकून घेतला. बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही. जिच्या सुरावर मढं उठलं तिला मांडवात कशी बसवायची, असं कुणीतरी म्हटलं आणि ते वाडीवाडीला पोचलं. शेजारच्या वाडीतल्या साईनाथने लेकीच्या हळदीला तिलाच सांगून ठेवलं होतं. तो येऊन म्हशीबद्दल बोलला, रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल बोलला आणि उठता उठता म्हणाला की सोयऱ्यांची हौस आहे, डीजे सांगितलाय. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. आणखी दोघांनी तर फोनवरच उरकलं.

अंबाबाईला त्यांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिला ते खरंच वाटत होतं. सासूने शब्द बांधून ठेवले आणि आपण शहाणपणा करून चाल सोडली, आता ती जिथे जाऊ नये तिथे गेली. म्हशीपुढे बादली ठेवताना सवयीने चाल ओठांवर आली की ती ओठ दाताखाली दाबायची. चार दिवसांनी लडकूने विचारलं, घर का एवढं गप्प आहे, तुला बरं नाही का. बहिऱ्या माणसालाही जाणवावं, इतकं ते गप्प होतं.

उत्तर आलं ते अतिशय सभ्य. गोष्ट वर्तमानपत्रांवरून आणि कोर्टाच्या कागदांवरून घेतली आहे, सूर रीतसर परवान्याने घेतला आहे, कलाकाराचं नाव दिलं आहे. एवढ्या लोकांनी ऐकलेला भाग बदलता येणार नाही. हा सूर श्रोत्यांना फारच परिणामकारक वाटला, त्याबद्दल आभार. कलाकाराची इच्छा असल्यास नाव मात्र आठवड्याभरात काढू. परवान्यात तशी सोय आहे.

अक्षदाने हे वाचून दाखवलं आणि ती रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “आत्या, नाव तरी काढून घेऊ. नाव नसलं की लोक विसरतील. पुढच्या वर्षी बोलावतील तुला.” लडकूही म्हणाला, काढ म्हण, उगाच आपल्या माथी कशाला. दोघांचं खरं होतं. पस्तीस वर्षांचा मान एका होकाराने परत येण्यासारखा होता आणि अंबाबाईला तो हवा होता, फार हवा होता. माघातली आणि फाल्गुनातली हळद गेली होती; वैशाख अजून पुढे होता. चूल विझेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

“नको,” ती म्हणाली. “नाव ऱ्हाऊ दे.”

अक्षदा चिडली. हा कसला हट्ट, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती कर्जतला गेली, तिथून चौकची गाडी धरली. सुतकाच्या घरी जायचं नाही हा नियम तिला आठवत होता, पण हे घर नव्हतं, ढाबा होता, आणि उशीरही दोन वर्षांहून जास्त झाला होता. ढाब्याच्या मागे पत्र्याखाली छाया भाकऱ्या थापत होती. पुढच्या बाकड्यांवर चारपाच ड्रायव्हर, शेजारच्या गॅरेजमधली दोन माणसं. अंबाबाई तव्याच्या अलीकडे उभी राहिली.

“नाय निघत, छाया,” ती म्हणाली. “मी काढते म्हनले व्हते, पन नाय निघत. ती तशीच वाजनार.”

छायाने भाकरी उलटली. वर बघितलं नाही. “आनि तुमचं नाव?”

“ते काढत व्हते. मीच नको म्हनले.”

“का? मिरवायला?”

“नाय गं. नाव गेलं तर ती कुनाचीच नाय ऱ्हायची. मंग तू कुनाच्या दारात जाशील?”

छायाचे हात तसेच पिठात राहिले. तव्यावरची भाकरी करपली, धूर झाला, तरी तिने ती काढली नाही. मग ती उठली आणि बोलायला लागली. तुझं तोंड सडो म्हणाली. तुझ्या घराला आग लागो, तुझ्या सासूच्या पिंडाला कावळा न शिवो, तुझ्या धवळ्यांनी माझी पोर खाल्ली, म्हणाली. बाकड्यांवरचे ड्रायव्हर जेवता जेवता थांबले. ढाब्याचा मालक धावत आला आणि छायाला आवरायला लागला, तेव्हा अंबाबाईने हात करून त्याला मागे सारलं.

हर्षला गेल्यापासून छायाने पोलिसांपुढे हात जोडले होते, वकिलापुढे जोडले होते, अलिबागच्या कोर्टात बाकावर तोंड मिटून बसली होती. शिव्या द्यायला तिच्यापुढे आजवर कुणी उभंच राहिलं नव्हतं. तिचा आवाज चिरकला, बसला, पुन्हा लागला. परतीची गाडी समोरून गेली. अंबाबाईचे पाय भरून आले होते, पण ती खाली बसली नाही.