गाडी मीनाची होती

मीनाकडे गाडी शिकलेल्या बायका इंदिरानगरात गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या निम्म्या आता तिला सिग्नलला बघून मान वळवतात. गाडी वळवायला त्यांना मीनानंच शिकवलं. मान वळवायला मात्र कुणाच्या क्लासची गरज पडली नाही.

मीना मूळची वणीची. लग्न दोन वर्षांत मोडलं, आणि माहेरी भावानं "पाहुणी म्हणून कितीही ये" असं सांगून दार अर्धंच उघडलं. तेव्हा तिला नाशिकला आणली ती पूजानं. दोघी वणीच्या शाळेत एका बाकावरच्या. पूजाचं सासर इंदिरानगरात, नवरा शेखर, पाइप आणि मोटारपंपांचं दुकान. पूजानं मीनाला दोन खोल्या शोधून दिल्या, घरी डबा पोचवला, आजारपणात उशाशी बसली. मीनाला स्कूटी चालवता येते म्हटल्यावर क्लासची कल्पनाही तिचीच, आणि पहिल्या चार बायका सोसायटीतून ओढून आणल्या त्याही तिनंच. मागे पुरुष नाही, बाईच बसते, हे सासवांना घरोघरी जाऊन पटवलं. पूजा नसती तर आपण कुठं असतो, असं मीना येताजाता म्हणायची. ते खोटं नव्हतं. सगळं दुखणं तिथंच आहे.

क्लास चालला. स्कूटीच्या पुढं लाल अक्षरांत पाटी लागली, 'मीना टू-व्हीलर क्लास, फक्त महिलांसाठी', खाली मोबाइल नंबर. जन्मात सायकलला हात न लावलेल्या पन्नाशीच्या बायका मैदानात "अगं बाई, अगं बाई" करत फिरायच्या आणि महिन्याभरात भाजीला गाडीवर जायच्या. पूजा तर आठवड्यात शिकली. पण घरच्यांच्या लेखी ती पुढं वर्षभर शिकतच राहिली.

त्याचं कारण जीवन. हा शेखरच्या दुकानात पाइपांची ऑर्डर घ्यायला येणारा माणूस, पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये एकटा राहणारा, बोलायला गोड. पूजानं मीनाला हे मैदानातल्या बाकड्यावर बसून सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा दहावीतल्या पोरीसारखा झाला होता. मीनानं आधी झापलं तिला. दोन मुली आहेत तुला, म्हणाली. पूजा रडली. शेखर वाईट नाही, पण मी घरात आहे की नाही हे त्याला जेवायला बसल्यावरच कळतं, म्हणाली. मीना विरघळली. तिचं चुकलंच, पण ज्या बाईनं आपल्याला रस्त्यावरून उचललं तिच्यापुढं नीतीचे धडे किती वाचणार?

तेव्हापासून दुपारी क्लास नसताना पूजा 'शिकायला' यायची, मीनाची स्कूटी घेऊन जीवनकडे जायची, आणि मीना मैदानात झाडाखाली गाडीची वाट बघत बसायची. संध्याकाळी पूजा सोसायटीच्या फाटकात मुद्दाम हेलकावे खात शिरायची. एकदा तर भिंतीला हलकेच घासून दाखवली. शेखर हसून म्हणायचा, मीनाताई, हिचं लायसन्स नातवंडं काढतील वाटतं. मीनाही हसायची, आणि गाडी घेऊन लगेच निघायची.

याच काळात मीनाच्याही आयुष्यात जरा उजेड पडत होता. तिची स्कूटी दुरुस्त करणारा राजू गॅरेजवाला, बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, अबोल माणूस. गाडीचं काम झालं तरी त्याला मीनाला चहा पाजायची आठवण व्हायची. एक दिवस स्पार्क प्लग पुसता पुसता, मान वर न करता त्यानं विचारलं, आपण दोघं लग्न केलं तर कसं होईल. मीनानं विचार करते म्हणून सांगितलं आणि घरी जाऊन आरशापुढं बसून खुळ्यासारखी हसली. हे तिनं पहिल्यांदा पूजालाच सांगितलं. पूजानं तिला मिठी मारली.

मग कुणीतरी शेखरच्या आईला, विमलाबाईंना, फोटो दाखवला. जीवनच्या बिल्डिंगखाली उभी स्कूटी, पाटी ठळक, नंबरासकट. ती तिथं नेहमीच दिसते म्हणे. विमलाबाईंनी सुनेला विचारलं, तू तर रोज मीनाकडे शिकायला जातेस, मग गाडी तिथं काय करते?

दुसऱ्या दिवशी मीनाला घरी बोलावणं आलं. विमलाबाई सोफ्यावर, शेखर खुर्चीत खाली मान घालून, पूजा दाराला टेकून उभी. फोटो पुढं झाला. गाडी कुणाची, विमलाबाईंनी विचारलं. माझी, मीना म्हणाली. खोटं काय सांगणार? आणि तिनं पूजाकडे पाहिलं.

"मी किती वेळा सांगितलं तिला, आई," पूजा म्हणाली. "म्हटलं, मीने, एकटी बाई आहेस, हे बरं दिसत नाही. मला मैदानात बसवून जायची ती."

मीनाला वाटलं, बोलले तर हे घर आत्ता या क्षणी मोडेल. मान खाली घातलेल्या शेखरची तिला कीवही आली. ती काही न बोलता उठली. तिच्या न बोलण्याचा जो अर्थ निघायचा तो निघाला.

दोन दिवसांनी पूजा मैदानात आली आणि मीनाच्या हातावर डोकं ठेवून रडली. शेखरला कळलं तर मुलींसकट बाहेर काढील, म्हणाली. थोडे दिवस कळ काढ, मी जीवनला सोडलंय, राजूला तर मी स्वतः जाऊन खरं सांगते. मीनानं तिला पाणी दिलं. केसानं गळा कापणारीला पाणी देणारी बाई दुनियेत हीच एक असेल.

क्लास बसला. सासवांनी सुना काढून घेतल्या. काही दिवसांनी राजूनं विचारलं, लोक बोलतात ते काय आहे? मीना एवढंच म्हणाली, पूजा तुम्हाला सांगेल. शब्द दिला होता ना तिनं.

पूजा खरंच गॅरेजवर गेली. त्यानंतर मीना गाडी न्यायला गेली तेव्हा राजूनं चहा मागवला नाही.

"पूजावहिनी रडल्या माझ्यापुढं. म्हणाल्या, तिचं पाऊल घसरलं, पण मनानं चांगली आहे, तिला पदरात घ्या." त्यानं किल्ली पुढं केली. "मला नाही जमणार, मॅडम."

मॅडम! तीन वर्षं तो तिला मीनाताई म्हणत होता, आणि अलीकडं नुसतं मीना. तेव्हा मीना बोललीही, पण पूजाच्या आसवांनंतर तिच्या खऱ्याला कोण विचारतो? राजूनं पुढं वणीकडची एक मुलगी केली.

ते कळलं त्या दिवशी मीनाचा संयम संपला. मोडू दे घर मोडायचं तर, असं म्हणत ती तडक शेखरच्या दुकानात गेली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तिनं जीवनपासून मैदानातल्या झाडापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. शेखरनं शांतपणे ऐकलं आणि तिच्यासाठी स्टूल ओढलं.

"मला माहीत आहे, मीनाताई."

"कधीपासून?"

"आईनं विचारलं त्या दिवसापासून. पूजानं संध्याकाळीच सगळं कबूल केलं, पाया पडली. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं काय करायचं. दुसऱ्या दिवशी तुम्हाला बोलावलं."

मीनाला आधी कळेचना. मग हळूहळू कळलं. म्हणजे मैदानात पूजा हातावर डोकं ठेवून रडली तेव्हा शेखरला सगळं ठाऊक होतं, आणि ते पूजालाही ठाऊक होतं. जे घर मोडू नये म्हणून मीनानं तोंड शिवून घेतलं, ते आदल्याच संध्याकाळी सावरलं होतं. सांभाळायला गुपित असं उरलंच नव्हतं. फक्त आई आणि सोसायटीपुढं कुणाचं तरी नाव घालवायचं होतं, आणि तिचं नाव गाडीवर आयतं लिहिलेलं होतं. राजूकडं पूजा गेली तीही मीनानं त्याला खरं सांगू नये म्हणून. इतका राग मीनाला नवऱ्याचाही कधी आला नव्हता.

"रागावू नका," शेखर म्हणाला. "मला दोन मुली उजवायच्या आहेत. तुमच्या मागंपुढं कुणी नाही. म्हटलं, तुम्ही निभावून न्याल."

"होता एक माणूस," मीना म्हणाली.

शेखरनं ऐकलं की नाही कोण जाणे. दारात गिऱ्हाईक आलं होतं, आणि तो त्याला अर्ध्या इंचाचा नळ दाखवायला उठला.