डाव्या बेअरिंगला कान लावा

"रामभाऊले जुन्या गाड्याच जमते बे. हे काम सदरच्या वर्कशॉपलेच द्याले पाहिजे होतं."

दादाचा मित्र विनय हळूच बोलला, पण टिनाच्या शेडखाली काही लपत नाही. टेबलावर वाकलेल्या रामभाऊंचा पाना क्षणभर थांबला... मग पुन्हा फिरू लागला.

बुद्धीला न पटणाऱ्या अनुभवांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि मला भास होत नाहीत. चारचौघांत तोंड न उघडणारी कॉन्व्हेंटची मुलगी होते मी, पण डोळे उघडे असायचे. जे घडलं तेच लिहिते आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गोकुळपेठेतलं रामभाऊंचं गॅरेज, मे महिन्यातली शनिवारची दुपार. इंजिनचा जोर पुढच्या चाकांना देणाऱ्या छोट्या गाड्या तेव्हा नुकत्याच आल्या होत्या. दादाला त्याची तसलीच गाडी घेऊन दुसऱ्या दिवशी पारशिवनीकडच्या कच्च्या रस्त्यांवर रॅलीत उतरायचं होतं. रेतीत एक चाक मोकळं फिरू लागलं की सगळा जोर तिथेच वाया जातो, गाडी रुतते. ते टाळणारं लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल दादानं विलायतेहून मागवलं होतं.

ते बसवायचं काम रामभाऊंनी स्वतःहून मागून घेतलं. नव्या गाड्यांची गिऱ्हाइकं सदरच्या मोठ्या वर्कशॉपकडे चालली होती. हे जमलं तर दादाचे सगळे रॅलीवाले मित्र त्यांच्याकडे येणार होते. फसलं तर एकही नाही.

सोबत आलेला सूचनांचा कागद इंग्रजीत. रामभाऊंना इंग्रजी येत नव्हतं, दादाचे हात ग्रीसनं भरलेले. म्हणून एकेक ओळ वाचून मराठीत सांगायचं काम माझ्याकडे.

"पुढं, बेटा?" रामभाऊ विचारायचे. मी सांगायचे. "झालं. पुढं?"

नवं डिफरेन्शियल टेबलावर काढून ठेवलेल्या गिअरबॉक्सच्या आत गेलं. केसिंग, म्हणजे त्याचं बाहेरचं कवच, बंद झालं, बोल्ट आवळले गेले. तेव्हा मी पुढची ओळ वाचली — "हातानं फिरवा आणि डाव्या बेअरिंगला कान लावा."

"अरे वा, कानबी लावाले सांगते का?" रामभाऊ हसले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक केसिंगवर टेकवून त्यांनी त्याची मूठ कानाशी धरली. दादा आतले गिअर सावकाश फिरवू लागला. रामभाऊंचं हसू गेलं.

"काहीतरी कटकट करून राहिलं. खोला."

बेअरिंग नवंकोरं, डिफरेन्शियलच्याच खोक्यातून आलेलं. पण आतल्या गोळ्या धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याला केसाएवढी चीर. वेगात ते तुटलं असतं तर पुढची चाकं जाम झाली असती. दादाचा चेहरा उतरला.

"पाहिलं?" विनय म्हणाला. "बेअरिंग तपासाचं कागदात साफ लिहून आहे, अन् हे न तपासताच बोल्ट आवळून मोकळे! हिनं वाचलं नसतं तर उद्या गेला होता तू बे."

दादानं ते बेअरिंग खोक्यात परत टाकलं. मग रामभाऊंकडे न बघता म्हणाला, "बेअरिंग मी आणतो. पण आता... बसवायला सदरलाच नेतो, रामभाऊ."

रामभाऊंनी फडक्याला हात पुसले. "चुकलं गा माझं." मग ते माझ्याकडे वळले. "कुठं लिहून आहे ते, बेटा? बोट ठेव बरं. वाचता नाही येत मले, पण जागा ध्यानात ठेवतो."

मी कागद उघडला. सात — डिफरेन्शियल आत बसवा. आठ — केसिंग बंद करा. नऊ — तेल भरा. मागची बाजू कोरी. पुन्हा वाचलं. पुन्हा.

आठव्या ओळीखाली, त्याच छपाईत ते वाक्य मी वाचलं होतं. आजही शपथेवर सांगेन. बेअरिंगमधलं मला काही कळत नव्हतं, आवाज ऐकू यावा इतकी जवळही मी नव्हते. ऊन, डोळे, कल्पना — सगळी कारणं मी तपासून पाहिली. एकही टिकत नाही.

मी कुठेही बोट ठेवलं असतं तरी रामभाऊंनी मानलं असतं. दादा आणि विनय पाठमोरे होते, गिअरबॉक्स उचलायच्या तयारीत. पण मी बोलले, आणि दोघांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं —

"रामभाऊ, ती ओळ यात नाहीच. जेवढं लिहिलंय तेवढं सगळं तुम्ही बरोबर केलं. दादा, ये इकडे, तूच वाच."