बिनरिबनीचं मशीन

माझ्या आत्याच्या यजमानांनी जन्मभर एकाच गोष्टीवर जीव लावला, आणि ती गोष्ट म्हणजे आत्या नव्हे. ते त्यांचं स्वतःचं अक्षर होतं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये ते मुनीम होते. अंगानं तुरीच्या काडीसारखे, बोलणं मोजकं, आणि चेहरा सदा असा की नुकतेच कोणाला तरी पोचवून आले आहेत. उजवा हात मात्र त्यांनी जणू देवाला सोडलेला. त्या हातानं विहिरीचा दोर ओढायचा नाही, पिशवी धरायची नाही, अंगणात शिरलेली बकरीसुद्धा हाकलायची नाही. जेवण्यापुरता तो हात संसारात येई, तोही नाइलाजानं. पाणी आत्या ओढी, लाकडं आत्या फोडी, आणि कोणी नवऱ्याला नाव ठेवलं की तीच म्हणे, "त्याइचा हात पोटाचा हाय. माहा काय, असाच हाय."

लिहायला बसण्याआधी ते हातपाय धूत, सदऱ्याची गळ्यापर्यंतची बटणं लावत आणि टाकाची नीब पंच्याच्या कोपऱ्यानं अशी पुसत की लहान मुलाचं नाक पुसावं. शब्द पूर्ण झाल्यावर वरची रेघ एका दमात ओढायची, मध्ये श्वास घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. लांबलचक शब्द आला की आम्हा बघणाऱ्यांचाच जीव गुदमरे. माणूस पाहून ते अक्षर बदलत. मालधक्क्यावरच्या बाबूला वॅगनसाठी अर्ज लिहायचा तर अक्षर थोडं पुढे वाकलेलं, नमस्कार केल्यासारखं. वॅगन मिळाली की श्रेय त्या वाकण्याला. आत्याला बाजारासाठी चिठ्ठी द्यायची तर अक्षर गोल आणि मोकळं, माथ्यावर श्री, आणि खाली 'वांगी, कवळी पाहून'. आत्याला वाचता येत नव्हतं. भाजीवालीलाही येत नव्हतं. दोघी मिळून त्या चिठ्ठीकडे कौतुकानं पाहत आणि मग वांग्यांचं तोंडानं ठरवत.

मी अर्जुनी-मोरगावकडची. मॅट्रिक झाल्यावर वडिलांनी मला आत्याकडे ठेवलं, आणि मी गोंदियाच्या टायपिंग क्लासात नाव घातलं. वय सतराचं, अक्कल सातची. क्लासात आम्ही दोनच मुली, त्यामुळे मला वाटे की देशाला स्वराज्य मिळालं ते मुख्यतः मी टाइप करावं म्हणून. जिथे बसेन तिथे बोटं चालवायची. ताटाच्या काठावर, पोथीच्या पुठ्ठ्यावर, झोपलेल्या आत्याच्या पाठीवर. हातानं लिहिणारी माणसं मला बैलगाडीत बसलेली दिसत आणि मी स्वतः मेल गाडीत. नशीब की त्या वयातल्या पोरीला कोणी आरसा सोडून दुसरं काही दाखवत नाही.

अशात मिलच्या सेठजींनी नागपूरहून एक जुनं हिंदी टाइपरायटर आणलं. हातानं लिहिलेले कागद आता कोणी बघत नाही, असं त्यांच्या डोक्यात कोणी तरी भरवलं होतं. मामाजींच्या टेबलावर ते काळं धूड ठेवून सेठजी म्हणाले, "मुनीमजी, अब ज़माना इसका है. होली तक सीख लीजिए. नहीं तो फिर हमको कोई दूसरा देखना पड़ेगा." माणूस वाईट नव्हता, म्हणून तर आवाज न चढवता बोलला. त्या संध्याकाळी मामाजी जेवले नाहीत. आत्यानं विचारलं तर एवढंच म्हणाले, की पन्नाशीच्या मुनिमाला या गावात दुसरी पेढी दार उघडत नाही.

त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मशीन मिलमध्ये, मिल दिवसभर चालू, म्हणून घरी सरावासाठी मी पुठ्ठ्यावर सगळी बटणं काढून दिली. क्लासात आम्हीही तसंच करत असू. मामाजींनी तो पुठ्ठा हातात घेतला, दूर धरला, जवळ धरला आणि हळूच म्हणाले, "यातलं अक्षर आजारी आहे." मग बोटं ठेवायची सोडून ते रोज संध्याकाळी त्या पुठ्ठ्यावरची माझी अक्षरं सुधारत बसले. पुठ्ठा देवघरात लावावा इतका देखणा झाला, बोटं मात्र जिथल्या तिथे. शिवाय त्यांचे प्रश्न. क इथं आणि ख तिकडे, सख्खे भाऊ वेगळे काऊन केले? मी ऐटीत समजावलं की मशीनवर ख पूर्ण नसतोच, अर्धा मारायचा आणि मग त्याला काना जोडायचा. त्यांनी पुठ्ठ्यावरचा अर्धा ख बोटानं झाकला. मग म्हणाले, "म्हणजे आधी मोडायचं आणि मग जोडायचं. हे लोहारकाम झालं पोरी, लिहिणं नाही."

होळी जवळ आली तशी आत्या घाबरून देवाला नवस बोलत सुटली. आणि एके दिवशी मामाजी टाइप केलेलं एक पत्र घरी घेऊन आले. स्वच्छ, सरळ, एक खोडाखोड नाही. सेठजी खूश झाले होते. आत्यानं तो कागद कपाळाला लावला आणि माझ्या पानात गूळ वाढला. मी क्लासात जाऊन सांगितलं की मी म्हाताऱ्या माणसालाही तयार करू शकते. आमच्या मास्तरांनी मला पुढच्या रांगेत बसवलं, आणि मी तिथे अशी बसले की जणू खुर्चीच माझ्यामुळे टिकून आहे.

नंतर एकदा आत्याला ताप भरला म्हणून डबा घेऊन मी मिलमध्ये गेले. सगळीकडे कोंडा उडत होता. मामाजींच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता, एका लयीत, इतका भरभर की माझ्या मास्तरांनाही जमला नसता. छाती फुगवून मी दारातून डोकावले. मामाजींचा डावा हात बटणांवर नुसता ताल धरून होता. मशीनमध्ये कागद नव्हता. कागद होता टेबलावर, आणि त्यांचा उजवा हात त्यावर टाकानं एकेक अक्षर उभं करत होता. शेजारी शेजारी, एकमेकांना न शिवणारी अक्षरं. वरची रेघ दर अक्षराला तुटलेली, उकार जरा बाजूला सरकलेला, म चा पाय किंचित झिजलेला, अगदी त्या जुन्या मशीनवर झिजला होता तसा.

मी जवळ गेले आणि आपलं ज्ञान पाजळलं, "मामाजी, याच्यात रिबनच नाही."

"असती तर कागद नसलेला रूळ काळा झाला असता," ते म्हणाले आणि वर न पाहता ताल धरूनच राहिले. आवाज थांबला असता तर बाहेरच्या गादीवर सेठजींना कळलं असतं. मग खालच्या आवाजात सांगू लागले. टाइप करून पाहिलं होतं. बोट खाली जाते अन् अक्षर तिकडे दूर उमटते, आपला संबंधच राहत नाही. दिवसाला एक पत्र होईना. मग हे सुचलं. मी विचारलं, सेठजीले समजलं तर? मामाजींनी टाक दौतीत बुडवला, काठावर निथळू दिला. "तर घरी बसतो. तुझ्या आत्याला सांगू नको. मी शिकलो म्हणून आता कुठे तिला रात्री झोप लागून राहिली."

मी सांगितलं नाही. मला त्यात त्यांचं दुःख वगैरे दिसलं होतं असं मुळीच नाही. माझा गूळ आणि माझी पुढची रांग जाईल एवढीच भीती होती.

पुढे माझं लग्न झालं. नवऱ्याच्या घरी टाइपरायटर नव्हतं, धान होतं. माझी बोटं रोवणीच्या चिखलात गेली आणि मेल गाडी तिथेच उभी राहिली. गोंदियाला येणं कधीमधीच व्हायचं. मामाजींची जागा शाबूत होती. सेठजी पाहुण्यांना सांगत, "हमारे मुनीमजी की मशीन बड़ी मीठी चलती है." मामाजी तेव्हा खिडकीबाहेर पाहत. उजव्या हाताचे ते आता पहिल्यासारखे लाड करत नसत. एकदा मी त्यांना त्याच हातानं विहिरीचा दोर ओढताना पाहिलं. आत्या मला मागच्या अंगणात घेऊन गेली. हातात बाजाराची चिठ्ठी होती. म्हणाली, "तुह्या मामाजीच्या अक्षराले काही झालं का व माय? आंधी ते चालत येऊन राहायचं. आता नुसतं उभं राहते." मी म्हटलं, वय झालं असेल. तिनं चिठ्ठी उलटीसुलटी केली आणि घडी घालून पदराला बांधली.

त्याच थंडीत आत्या गेली. फार दिवस आजारी नव्हती. मी तेव्हा माहेरी आले होते, वडिलांच्या हातात पोस्टकार्ड पडलं तेव्हा तिथेच होते. कोपरा फाडलेला, वर श्री नाही, म्हणजे वाचायच्या आधीच कळलं. वडिलांना रडू फुटलं. मोठी बहीण होती ती त्यांची. मग त्यांनी कार्ड वाचलं आणि रडता रडता थांबले. कार्ड टाइप केलेलं होतं. शेजारचे आले, भाऊबंद आले, कार्ड हातोहात फिरलं आणि ज्याच्या हातात गेलं त्याचं तोंड कडू झालं. कोणी म्हणालं वकिलाची नोटीस वाटते. कोणी म्हणालं, बायको मेल्याचं पत्र मशिनीवर ठोकलं, एवढा कसा माणूस वाळला. मी सांगू लागले तर वडील मला गप्प बस म्हणाले. छोट्या लायनीच्या रेल्वेगाडीत गोंदियापर्यंत त्यांनी ते कार्ड मुठीत धरून ठेवलं.

तशीच कार्डं गावोगावी पोचली होती आणि जमलेले नातेवाईक मामाजींपासून अंतर राखून बसले होते. मामाजी ओसरीत एकटे होते. समोर तेरवीची कोरी कार्डं, दौत, टाक. वडिलांनी पिशवीही खाली ठेवली नाही. सरळ त्यांच्यापुढे उभे राहिले.

"काऊन जी भाऊजी? दोन वळी हातानं नाही लिवता आल्या?"

मामाजींनी मान वर केली. दाढी वाढलेली होती. त्यांनी एक कार्ड ओढलं, टाक बुडवला आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर आत्याचं नाव लिहिलं. हात कुठे चुकला नाही. एकेक अक्षर तुटून उभं राहिलं, रेघ जागोजागी फाटलेली, म चा पाय झिजलेला. वडील वाकून पाहत राहिले.

"हातानंच लिहिलं भाऊ, सारं," मामाजी म्हणाले. "माझ्याच अक्षरात लिहायला बसलो होतो. रातभर बसलो. ते आलंच नाही."

 मला वडिलांचा राग ठाऊक होता, त्यामुळे मी मध्ये पडायला पुढे झाले. पण वडिलांनी पिशवी भिंतीला टेकवली, पागोटं काढून पिशवीवर ठेवलं आणि मामाजींच्या शेजारी बसकण मारली. टाक त्यांच्या बोटांतून हळूच काढून घेतला आणि म्हणाले, "सांगा. मी लिवतो."

माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले. नांगर धरावा तसा त्यांनी टाक धरला. मामाजी एकेक नाव, एकेक गाव सांगत गेले आणि वडिलांची अक्षरं एक वर, एक खाली, काही शाईत बुडालेली, काही कार्डाबाहेर जायला निघालेली, अशी पडत गेली. हळूहळू एकेक नातेवाईक सरकत जवळ आला. कार्डं संपत आली तेव्हा मामाजींनी त्यातलं एक उचललं, उजेडाकडे धरलं आणि शाई केव्हाच वाळली होती तरी फुंकर घालत बराच वेळ पाहत राहिले.

"चांगलं आहे तुमचं अक्षर, भाऊ," ते म्हणाले. "माणसाचं दिसते."