ड्रायव्हरकाकांचा दुसरा पिक्चर

त्या शनिवारी ड्रायव्हरकाकांना घास गोड लागेना. बिल्डिंगच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दर शनिवारी पिक्चर लागायचा, निवडायची पाळी आळीपाळीने एकेका घराची, आणि आज त्यांची होती. पिक्चर संपला की दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर फळ्यावर दहापैकी मार्क लिहायचे. लागोपाठ दोनदा तीनच्या खाली गेलं की पाळी कायमची बंद! काकांच्या मागच्या पिक्चरला मिळाले होते दोन.

"मारामारीचा लावा की एखादा," काकू म्हणाल्या.

"मला झोप येते त्यात."

"आणि तुमच्यात आम्हाला येते!"

पण काका कसले ऐकतायत. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, त्यांनी लावला तो बसचाच. घाटातून एक बस चाललीये. चाललीये. अजून चाललीच आहे. मागच्या रांगेत घोरणं सुरू झालं, काकांचं तोंड एवढंसं झालं. निवडणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही हा नियम, म्हणून गप्प बसले बिचारे.

पडद्यावर वळण आलं. आणि काका ताडकन ओरडले, "अरे हॉर्न दे, गाढवा!"

सगळा हॉल खो खो हसला. घोरणारेसुद्धा जागे झाले. शेजारी बसलेली तळमजल्यावरची नर्स वाकून बघायला लागली. "काका, पाय कशाला आपटताय?"

काकांनी खाली बघितलं. उजवा पाय फरशीवर गच्च दाबलेला. "ब्रेक," ते ओशाळून म्हणाले. "पलीकडून काय येईल दिसत नाही ना."

"पण इतक्या वेळात काही झालंच नाही हो!" मागून कुणीतरी.

"होऊ नये म्हणूनच तर तो ड्रायव्हर डोळे फाडून बसलाय!" काका म्हणाले.

पिक्चर संपेपर्यंत नर्सने पडद्यावरची नजर हलवली नाही.

दिवे लागले. मास्तरांनी फळ्यावर लिहिलं, दोन. काकांनी चपला शोधायला सुरुवात केली.

"माझे नऊ," नर्स म्हणाली.

"नऊ? कुठून आणलेस?"

"रात्रपाळीला मी हेच करते, मास्तर. पेशंटला काही होऊ नये म्हणून नुसती बसते. मला जाम भीती वाटली त्या वळणावर."

"मला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू. पण तुमचा कंटाळा सगळ्यांच्या नावावर कशाला?"

मास्तर फळ्याकडे वळले. मग त्यांनी दोनाच्या पुढे 'मी' असं लिहिलं आणि खडू नर्सच्या हातात दिला. मग काय, खडूसाठी झुंबड! कुणी सात, कुणी शून्य. काकूंनी चार दिले. "नवरा आहे म्हणून वाढवून मिळणार नाहीत हं!"

फळा भरला, बेरीज करायला कुणी बसलंच नाही.

"आता पुढच्या पाळीला काय लावणार आहात?" मास्तरांनी विचारलं.

पुढची पाळी! काका चपला विसरले. "बोटीचा आहे एक," ते म्हणाले. "तीन तासांचा."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "बरं. मी उशी घेऊन येईन. पण येईन."