मालक गाव सोडून गेला

नोकरी नसताना नोकरीत इतका मुरलेला माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच झाला, आणि तो माझा आतेभाऊ आहे. हे मी नात्याखातर म्हणत नाही. नात्यातल्या लोकांनी तर त्याला कधीच वेड्यात काढलं आहे, आणि त्यांच्याशी या बाबतीत मी आजही भांडायला तयार आहे. ज्या वयात आमच्या गावची मुलं पत्र्याची ट्रंक घेऊन मालवणच्या धक्क्यावरून मुंबईच्या आगबोटीत चढत, त्या वयात याने शिंप्याकडून खाकी अर्धी चड्डी आणि दोन खिशांचा खाकी शर्ट शिवून घेतला आणि तो जंगलखात्याचा माणूस झाला. जंगलखात्याला हे कोणी कळवलेलं नव्हतं. सकाळी पेज जेवून, काठी घेऊन तो ‘ड्युटी’वर निघे, डोंगरापासून खाडीपर्यंत सगळा गाव पालथा घाली आणि दुपारी पानावर बसला की आत्याला ‘रिपोर्ट’ देई. भेकराच्या मादीबरोबर पाडस दिसलं, खाडीतल्या उदांना, म्हणजे पाणमांजरांना, दोन पिल्लं झाली, अमक्याने देवाच्या राखीव रानात कोयती घातली. आत्या बिचारी ‘बरा, बरा’ म्हणत आमटी वाढी.

माझे वडील, म्हणजे त्याचे मामा, मुंबईत एका कंपनीत हेडक्लार्क होते. दर मे महिन्यात ते गावी येत आणि दर मे महिन्यात त्याला आपल्या कंपनीत चिकटवायची तयारी दाखवत. बाप नसलेला भाचा मार्गाला लागावा एवढीच त्यांची इच्छा. तो ऐकून घेई आणि शेवटी अगदी नम्रपणे विचारी, “मामा, मुंबईक मिया काय राखतलंय?”  वडील पान लावायला घेत.

एकदा तो देवबागला चुलत्यांकडे राहायला गेला आणि तिथल्या वाळूत त्याला कासवाने अंडी घातल्याची जागा सापडली. अंडी काढायला लोक टोपल्या घेऊन येणार हे उघड होतं. तेव्हा याने काय करावं? छत्री उघडली आणि त्या जागेशेजारी बैठक मारली. जेवण तिथे, झोप तिथे. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा एक दांडगा रापणकर टोपली घेऊन आला आणि याला ऊठ म्हणाला. हा म्हणाला, “उठाक जमाचा नाय. ड्युटीवर आसंय.” कुणाच्या ड्युटीवर, असं त्या माणसाने विचारलं, तर हा म्हणाला, “कासवाच्या.” त्या गृहस्थाने थोडा वेळ याच्याकडे आणि थोडा वेळ वाळूकडे बघितलं, मग तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी याच्यासाठी त्याच टोपलीतून बांगडे पाठवले. पिल्लं समुद्रात जाईपर्यंत पन्नासएक दिवस हा माणूस तिथून हलला नाही. चुलतीने भाताबरोबर शिव्याही पाठवल्या. याने दोन्ही पोटात घातलं.

कचेऱ्यांतून आणि ठेकेदारांकडे त्या काळी बिनपगारी उमेदवारी करायची पद्धत होती. राबायचं, शिकायचं, आणि पुढेमागे जागा निघाली तर नाव पुढे जायचं. आतेभावाने उमेदवारी केली नाही असं खातं नसेल. फोंडाघाटात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे तो राहिला होता. ठेकेदाराने त्याला चुन्याचं डबडं दिलं आणि झाडांवर खुणा करून ये म्हणून रानात पाठवलं. याने आठ दिवस खपून झाडन् झाड तपासलं आणि खुणा केल्या, पण तोडायच्या झाडांवर नव्हे, राखायच्या. ठेकेदार बघायला गेला तर सगळं रान चुन्याने पांढरं झालेलं, आणि बिनखुणेचं उरलं होतं एक वाळलेलं ऐनाचं झाड. उमेदवारी तिथेच संपली. त्याचं म्हणणं, “तेना नीट सांगूक होया होता.” मला विचाराल तर चूक ठेकेदाराचीच होती.

अखेर जंगलखात्यात खरोखरच गार्डाच्या जागा निघाल्या. अट पंचविशीच्या आतला पाहिजे, आणि याला चोविसावं सरत आलेलं. याने अर्ज केला, शाळामास्तरांकडून तो तीनदा तपासून घेतला, आणि मग रोज सकाळी ड्युटी सोडून टपालवाल्याच्या वाटेवर उभा राहू लागला. आणि नेमका त्याच सुमारास देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्याकडे तीनचार वर्षांनी गावपळण असते. तीन दिवस, तीन रात्री गावात माणूस राहत नाही. माणसंच नव्हेत, तर गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं घेऊन सगळे वेशीबाहेरच्या माळावर माडाच्या झापांच्या खोपी घालून राहतात आणि पुन्हा कौल झाला की परततात. का, ते कोणी विचारत नाही. आतेभावाला मात्र कारण पक्कं ठाऊक होतं: “गावाक पण रजा व्हयी.” पत्राची वाट बघत असूनही वेशीच्या आत पाऊल टाकायचं त्याच्या मनात आलं नाही. तो तिन्ही दिवस टपालाच्या रस्त्यावर बसून राहिला. पण नेहमीचा टपालवाला आजारी पडला होता. बदलीचा माणूस घाटावरचा, तो खाडीतून होडीने उतरला आणि भर दिवसा गावात शिरला. दारं बंद, गोठे रिकामे, भुंकायला कुत्रं नाही. त्याने घाबरून जाऊन आतेभावाच्या मुलाखतीच्या पाकिटावर शेरा मारला, ‘मालक गाव सोडून गेला’, आणि आला तसा पळाला.

पंधरा दिवसांनी आम्ही सावंतवाडीला जंगलखात्याच्या कचेरीत चौकशीला गेलो. मी तेव्हा मॅट्रिकला होतो आणि धीर द्यायला म्हणून बरोबर गेलो होतो. साहेबांनी ते परत आलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. मुलाखती होऊन गेल्या होत्या, जागा भरल्या होत्या. कचेरीत बोलायची शुद्ध भाषा काढून आतेभावाने सगळी हकिकत सांगितली. साहेब देशावरचे. अख्खा गाव जातो का, त्यांनी विचारलं. जातो. कोंबड्यासुद्धा? कोंबड्यासुद्धा. साहेब हसले, मागचे दोन कारकून हसले. “पुढच्या वेळी जरा बरं कारण आण,” असं म्हणून साहेबांनी पाकीट सरकवलं. हा ते खिशात घालून म्हणाला, “पुढच्या वेळी तुम्हांलाच आणतो, साहेब.”  मला फार राग आला होता, आणि तो आजही गेलेला नाही.

त्या मे महिन्यात वडिलांनी शेवटचं विचारलं. आत्याही रडली. वय निघून जाणार, सरकारी नोकरी मिळणार नाही, मग खाणार काय? तेव्हा त्याने ते पाकीट काढलं आणि माझ्या वडिलांपुढे धरलं.

“मामा, हेच्यार लिवलाहा, गाव सोडून गेलो म्हणान. आता मिया मुंबईक गेलंय, तर ता खरा होतला.”

मुंबईला मी गेलो. वडिलांच्या कंपनीतली त्याच्यासाठी राखलेली खुर्ची मला मिळाली.

तीन वर्षांनी पुन्हा कौल झाला. मी रजा काढून आलो. आतेभाऊ त्याआधीच सावंतवाडीला तीन हेलपाटे घालून साहेबांचं डोकं खात बसला होता, आणि चौथ्या खेपेला, केवळ सुटका व्हावी म्हणून असेल, साहेब जीप घेऊन आले. खोपीत त्यांना शहाळं दिलं, आत्याने घावणे वाढले. कोंबड्या त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आतेभाऊ आम्हां दोघांना वेशीवरच्या टेकाडावर घेऊन गेला आणि गप्प बसायला सांगितलं. खाली आमचा गाव निजल्यासारखा पडला होता. उजाडलं तशी देवळाच्या मागून भेकराची एक मादी आली, पाडस मागे ठेवून तिने कानोसा घेतला आणि मग दोघं देवळाच्या पटांगणातून चालत गेली. खाडीच्या पायऱ्यांवर, जिथे बायका भांडी घासतात तिथे, ऊद अंग वाळवत पडले होते. आतेभाऊ हलक्या आवाजात कोण कुठलं, कुणाचं पिल्लू, ते सांगत होता. साहेबांनी विचारलं, “वय काय तुझं?” सत्ताविसावं सरलं, हा म्हणाला. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते काही करू शकत नव्हते, आणि ते आम्हां तिघांनाही कळलं होतं.

मग त्यांनी ते पाकीट मागितलं. त्यांनी पेन काढलं, शेऱ्यावर रेघ मारायला टेकवलं, तर आतेभावाने त्यांचा हात धरला. “आज नको, साहेब. आज मी गावात नाही. खोटं होईल.”

साहेब राहिले. तीन रात्री सरल्यावर कौल झाला, गाव गुरांकोंबड्यांसकट परतला, आणि आत्याच्या पडवीत बसून साहेबांनी जुना शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘इसम गावातच आहे. मी पाहिला.’ खाली सही केली. मराठी तीन वाक्यं धड न वाचता येणारी आत्या ते पाकीट घेऊन देवाजवळ गेली आणि दिवा लावून आली. नोकरीचा हुकूम आला असंच तिला वाटलं होतं. तिचा गैरसमज कोणीही दूर केला नाही, आणि ती गेली तीही मुलगा सरकारी खात्यात आहे याच समाधानात.

पुढे त्याला कुठलीच नोकरी लागली नाही. चार माडांवर आणि भाताच्या दोन तुकड्यांवर तो राहतो. खाकी शर्ट विटला, पण ड्युटी चुकलेली नाही. नातेवाईक अजून हसतात. हसोत बापडे. त्यांच्या घरांना कुलपं आहेत, आणि त्या कुलपांआड कोणाचं मांजर व्यालं हेही त्यालाच माहीत असतं.

गेल्या महिन्यात माझ्या नावाचं एक पत्र जुन्या पत्त्यावर गावी गेलं होतं. आमचं घर बंद, म्हणून टपालवाल्याने ते त्याच्याकडे दिलं, आणि त्याने मुंबईचा पत्ता घालून मला धाडलं. पाकिटाच्या कोपऱ्यात त्याचं अक्षर होतं. माझ्याबद्दल ‘गाव सोडून गेला’ हाच शेरा असणार असं मी धरून चाललो होतो, आणि तो खराच असता. चष्मा लावून वाचलं.

‘मालक गावपळणीक गेलो आसा. कौल झालो काय येतलो.’

पाकीट मी ऑफिसच्या खणात ठेवलं आहे. मला इथे येऊन बारा वर्षं झाली. कौल अजून झालेला नाही.